टार्टनचा माग कसा काढायचा: चौकड्याचं वय वेगळं, नावाचं वय वेगळं

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरो. तिथल्या रॉयल माइल या रस्त्यावर दर दहा पावलांवर टार्टनचं, म्हणजे रंगीत चौकड्यांच्या स्कॉटिश कापडाचं, दुकान लागतं. मफलरी, टाय, शाली, आणि प्रत्येकीवर एका घराण्याचं लेबल: मॅकडोनल्ड, कॅम्पबेल, गॉर्डन, मॅकेंझी. लेबल वाचलं की आपसूकच वाटतं, हा चौकडा त्या घराण्यात बापजाद्यांपासून चालत आलेला असणार. काही ठिकाणी ते थोडंफार खरंही असतं. बहुतेक वेळा मात्र चौकडा एका काळातला असतो, नाव दुसऱ्या काळातलं, आणि दोघांची गाठ घालणारा कोणी तिसराच असतो: एखादा विणकर, पलटण उभारणारा सरदार, नाहीतर पुस्तकाचा कर्ता.

ही गाठ कधी आणि कोणी घातली, हे शोधणं म्हणजे टार्टनचा माग काढणं. त्यासाठी स्कॉटिश असावं लागत नाही, विणकाम यावं लागत नाही, आणि सुरुवातीचं बरंचसं काम घरबसल्या पैसे न खर्चता होतं. नव्या माणसाने पहिल्या दिवसापासून एकच शिस्त पाळावी. वहीत दोन रकाने आखावेत. एकात लिहायचं, हा चौकडा सगळ्यात आधी कुठे दिसतो. दुसऱ्यात लिहायचं, हे नाव त्या चौकड्याला सगळ्यात आधी कोणी दिलं. दोन्ही उत्तरं एकच निघतील असं कधीही गृहीत धरू नका. पुढचं सगळं या शिस्तीवर उभं आहे.

पायरी १: हातात नेमकं काय आहे ते लिहून काढा

शोध तीन गोष्टींपासून सुरू होऊ शकतो: नाव, कापडाचा तुकडा किंवा चित्र. तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत.

नावापासून निघालात तर एका नावाखाली किती चौकडे आहेत ते आधी पाहा. ‘स्ट्युअर्ट’ म्हणून शोधलं की रॉयल, हंटिंग, ड्रेस, ओल्ड अशी लांबलचक रांग समोर येते. ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या नावांची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघावी लागतात. आणखी एक सावधगिरी. अमुक आडनाव तमुक कुळाच्या छत्राखाली येतं, अशा याद्या दुकानांत भिंतीवर लावलेल्या असतात. त्यातल्या कित्येक एकोणिसाव्या शतकात, कापडाचा धंदा वाढत असताना फुगत गेल्या. त्या वाटाड्या म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

कापडापासून निघालात तर पट्टी शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. काठ असेल तर त्याचा वेगळा फोटो घ्या, कारण कापडाच्या वयाचा अंदाज कित्येकदा काठावरून येतो. चित्रापासून निघालात तर पायरी ७ मधली चित्रांबद्दलची सावधगिरी आधी वाचा.

पायरी २: चौकडा वाचायला शिका

ही पायरी ओलांडून थेट नावांच्या मागे लागणारे पुढे हमखास अडतात, म्हणून इथे जरा थांबू.

टार्टन म्हणजे ताण्यात आणि बाण्यात रंगांचे पट्टे एकाच क्रमाने, एकाच प्रमाणात लावून विणलेलं कापड. वीण बहुधा ट्विलची असते: बाण्याचा धागा दोन ताण्यांवरून आणि दोन ताण्यांखालून जातो, आणि दर ओळीला एक धागा सरकतो. त्यामुळे कापडावर बारीक तिरकी रेघ दिसते. लाल ताण्यावर लाल बाणा आला की भरीव लाल चौकोन होतो. लाल ताण्यावर हिरवा बाणा आला की दोघांचं मिश्रण दिसतं. दोन रंगांच्या टार्टनमध्ये अशा तीन छटा होतात, चार रंगांत दहा आणि सहा रंगांत एकवीस. लांबून जे ‘पाच-सहा हिरवे’ वाटतात ते प्रत्यक्षात एकच हिरवा आणि त्याचे शेजारी असतात. रंग मोजायचे ते भरीव चौकोनांतले, मिश्रणांतले नव्हेत.

पट्ट्यांच्या एका पूर्ण आवर्तनाला सेट म्हणतात. बहुतेक टार्टन आरशासारखे उलटतात. पट्टे एका ठिकाणापर्यंत जातात आणि तिथून त्याच क्रमाने मागे फिरतात. ज्या दोन पट्ट्यांवर हे वळण होतं ते वळणपट्टे. ते सापडले की सेट लिहिता येतो. नोंदवायची पद्धत अशी:

बी/२४ के४ जी२४ आर/६

हा मी फक्त समजावण्यासाठी रचलेला सेट आहे. बी म्हणजे निळा. काळ्यासाठी के वापरतात, कारण बी आधीच निळ्याने घेतलेला असतो. जी हिरवा, आर लाल. तिरकी रेघ वळणपट्टा दाखवते. निळे २४ धागे, काळे ४, हिरवे २४, लाल ६. तिथून उलट फिरून हिरवे २४, काळे ४ आणि पुन्हा निळा. म्हणजे पूर्ण आवर्तन २४ अधिक दोनदा ४ अधिक दोनदा २४ अधिक ६, एकूण ८६ धाग्यांचं. काही टार्टन उलटत नाहीत, नुसते त्याच दिशेने पुन्हा सुरू होतात. ते नोंदीत दोन्ही टोकांना टिंबं देऊन दाखवतात.

इथे एक खड्डा आहे. काही जुन्या याद्यांत वळणपट्टा अर्धाच मोजलेला असतो, आताच्या नोंदींत पूर्ण मोजतात. दोन ठिकाणची मोजणी जुळत नसेल तर आधी वळणपट्टे तपासा. कित्येकदा एका ठिकाणचा आकडा दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट निघतो आणि कोडं सुटतं. शिवाय जाड कापडात धागे कमी बसतात, पातळ कापडात जास्त, म्हणून धाग्यांची संख्या ताडून पाहण्याऐवजी प्रमाण ताडून पाहायचं. निळा काळ्याच्या सहापट असेल तर तो मफलरीतही सहापट आणि ब्लँकेटातही सहापटच असायला हवा.

पायरी ३: सरकारी रजिस्टर उघडा, पण त्यातल्या तारखा समजून घ्या

स्कॉटलंडच्या संसदेने २००८ साली टार्टनच्या नोंदणीचा कायदा केला आणि ५ फेब्रुवारी २००९ पासून ‘स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स’ सुरू झालं. ते एडिनबरोची नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड ही संस्था चालवते. त्याआधी स्कॉटिश टार्टन्स सोसायटी, स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटी अशा संस्थांनी आपापल्या याद्या ठेवल्या होत्या. त्या जुन्या नोंदी नव्या रजिस्टरात घेतल्या गेल्या. नावाने, रंगांनी शोधण्याची सोय इंटरनेटवर मोफत आहे.

नोंद उघडली की आधी दोन तारखा पाहा: टार्टनची तारीख आणि नोंदणीची तारीख. जुन्या टार्टनच्या नोंदणीच्या जागी, ही नोंद रजिस्टर सुरू होण्याआधीची आहे, एवढंच वाक्य सापडतं. टार्टनची तारीख बऱ्याचदा १ जानेवारी अशी दिसते. याचा अर्थ कोणी नववर्षाच्या दिवशी कापड विणायला घेतलं असा नव्हे. फक्त साल माहीत आहे, म्हणून दिवस-महिन्याच्या जागा भरल्या आहेत. आणि ते सालसुद्धा बहुधा ज्या वहीत, पुस्तकात किंवा तुकड्यावर तो सेट सापडला त्याचं असतं. १८१९ लिहिलं असेल तर ‘१८१९ मध्ये तो होता’ एवढंच म्हणता येतं, ‘१८१९ मध्ये जन्मला’ असं नाही.

तारखेखालचा मजकूर सगळ्यात मोलाचा. सेट कुठून घेतला, कोणत्या संग्रहात नमुना आहे, दुसरी कोणती नावं होती, हे तिथे दोन-चार ओळींत दिलेलं असतं. जुन्या संस्थांचे क्रमांकही तिथेच मिळतात. ते वहीत उतरवून घ्या, कारण जुने लेख त्याच क्रमांकांनी बोलतात. मग त्या नोंदीचा प्रकार बघा: कुळाचा, जिल्ह्याचा, पलटणीचा, कंपनीचा की नुसता फॅशनचा. रजिस्टर कोणताही विणता येण्याजोगा नवा नमुना अटी पुऱ्या केल्यास नोंदवतं. नोंद आहे म्हणून टार्टन जुना ठरत नाही, आणि कुळाने तो मानला आहे असंही ठरत नाही. कुळप्रमुखाने मान्य केलेला सेट त्याच्या विनंतीवरून लॉर्ड लायन, म्हणजे स्कॉटलंडमधल्या घराण्यांची मानचिन्हं पाहणारा अधिकारी, यांच्या दरबारातही नोंदवला जातो. तिथे नोंद असेल तर मान्यतेचा तो भक्कम पुरावा. पण तो मान्यतेचा, वयाचा नाही.

पायरी ४: लेबलवरच्या विशेषणांना भुलू नका

‘एन्शंट’ हा शब्द नवख्यांना सगळ्यात जास्त चकवतो. एन्शंट, मॉडर्न, वेदर्ड ही नावं रंगांच्या छटांची आहेत. सेट तोच राहतो. मॉडर्न म्हणजे गडद रंग, रासायनिक रंगांच्या काळात रूढ झालेले. एन्शंट म्हणजे फिकट छटा, जुन्या वनस्पतिज रंगांची आठवण देण्यासाठी विसाव्या शतकात बाजारात आणलेल्या. वेदर्ड म्हणजे ऊन-पाऊस खाल्ल्यासारखे मातकट रंग. म्हणजे ‘एन्शंट कॅम्पबेल’ आणि ‘मॉडर्न कॅम्पबेल’ यांच्यात वयाचा काही फरक नाही.

‘हंटिंग’ म्हणजे हिरव्या-तपकिरी-निळ्या दबलेल्या रंगांचा सेट, ‘ड्रेस’ म्हणजे बहुधा एका रंगाच्या जागी पांढरा घालून उजळ केलेला. हे मात्र खरोखर वेगळे सेट असतात आणि प्रत्येकाचा माग स्वतंत्रपणे काढावा लागतो. ‘ओल्ड’ हा शब्द तर प्रत्येक ठिकाणी वेगळ्या अर्थाने येतो. तो दिसला की ‘कोणाच्या तुलनेत ओल्ड?’ हे विचारायचं.

पायरी ५: नावाची शिडी एकेक पायरी खाली उतरा

आता खरा शोध. आजच्या लेबलपासून मागे जात राहायचं आणि प्रत्येक टप्प्यावर तपासायचं की हे नाव या सेटला इथे आहे का. महत्त्वाचे टप्पे मोजकेच आहेत.

पहिला थांबा १८४२. त्या वर्षी एडिनबरोत ‘वेस्टिॲरियम स्कॉटिकम’ नावाचं देखणं पुस्तक निघालं. त्यात ७५ टार्टन होते आणि दावा असा की ते सोळाव्या शतकातल्या एका हस्तलिखितावरून घेतलेत. कर्ते होते दोन भाऊ. ते स्वतःला सोबिएस्की स्ट्युअर्ट म्हणवत आणि ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्टचे नातू असल्याचं सांगत. मूळ आडनाव ॲलन. ते मूळ हस्तलिखित कोणालाही तपासायला मिळालं नाही. पुस्तक छापलं जाण्याआधी, १८२९ मध्येच, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटला त्या हस्तलिखिताबद्दल शंका आली होती. दक्षिणेकडच्या लोलँडमधली घराणीही टार्टन घालत होती, हे त्याला पटत नव्हतं. पुढे १८९५ मध्ये ‘ग्लासगो हेराल्ड’ने हे प्रकरण धसास लावलं. भावांकडच्या दुसऱ्या एका प्रतीची तपासणी झाली तेव्हा अक्षरं जुनी भासावीत म्हणून रसायनं वापरल्याचं आढळलं.

एवढं सगळं उघड होऊनही त्या पुस्तकातले कित्येक टार्टन आज कुळांचे मान्य टार्टन आहेत. पिवळ्या जमिनीवर काळे पट्टे आणि बारीक लाल रेघ असलेला भडक ‘मॅक्लाउड ऑफ लुइस’ घ्या. त्याचा पहिला उल्लेख १८२९ च्या पत्रव्यवहारात येतो, याच भावांच्या मालातून. ‘बनावट’ म्हणून तो निकालात काढू नका, असं माझं ठाम मत आहे. सोळाव्या शतकाचा दावा खोटा आहे. पण त्यानंतर लग्नांत, मयतीत, मेळाव्यांत तो अंगावर घेणाऱ्या पिढ्या खऱ्या आहेत. वहीत दोन्ही लिहायचं.

तुमचा सेट या पुस्तकाच्या आधी सापडत नसेल तर शोध बहुधा इथेच संपतो. सापडत असेल तर आणखी खाली उतरा. १८३१ मध्ये जेम्स लोगनने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाच्या, चालीरीतींवरच्या ग्रंथात ५५ टार्टनांची मापं दिली. ती धाग्यांत नव्हे, इंचाच्या भागांत आहेत, म्हणून ताडून बघताना पुन्हा प्रमाणच कामी येतं. या दोन्ही जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. चित्रं बघण्याआधी मजकूर वाचा. छापील रंग दगा देतात.

त्याआधी १८२२. त्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. स्वागताचा सगळा थाट वॉल्टर स्कॉटने रचला होता, आणि राजासकट सगळे टार्टनमध्ये सजले. कुळांच्या प्रमुखांना ‘आपला’ टार्टन तातडीने हवा झाला. नाव आणि चौकडा यांच्या कितीतरी गाठी या सुमारास पडल्या.

त्या बांधण्यात बॅनकबर्नच्या विल्सन यांचा हात सगळ्यात मोठा. स्टर्लिंगजवळच्या या गावातली ‘विल्यम विल्सन अँड सन’ ही पेढी पलटणींना आणि व्यापाऱ्यांना टार्टन पुरवत असे. त्यांनी १८१९ मध्ये तयार केलेल्या नमुना-वहीत दोनशेहून अधिक सेट विणकामाच्या हिशोबासह आहेत. ही वही टार्टनच्या अभ्यासाचा कणा आहे. तिच्यात काही सेटना नुसते नंबर आहेत, काहींना गावांची नावं, काहींना गाजलेल्या माणसांची, आणि काहींना कुळांची. नंबराचं नाव होणं, एका नावाचं दुसरं होणं, हे विल्सन यांच्या दप्तरात डोळ्यांदेखत घडताना दिसतं. आज ‘मॅक्लॅरेन’ म्हणून मिळणारा सेट त्यांच्याकडे ‘रीजंट’ या नावाने विकला जाई. ‘मॅकफर्सन’चं उदाहरण त्याहून बोचरं आहे. तो सेट आधी नंबराने ओळखला जाई. मग किड नावाच्या गिऱ्हाइकाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांच्या कपड्यांसाठी तो घाऊक घेतला, म्हणून दप्तरात त्याचं नाव ‘किड’ पडलं. त्यानंतर तो मॅकफर्सन कुळाचा झाला. कुळाच्या अभिमानाची आणि गुलामगिरीची अशी दोन्ही नावं एकाच चौकड्यावर आहेत, आणि माग काढणाऱ्याने दोन्ही सांगितली पाहिजेत.

शिडीची सगळ्यात खालची भक्कम पायरी १८१५ ची. लंडनच्या हायलँड सोसायटीने त्या वर्षी कुळप्रमुखांना लिहिलं की आपल्या कुळाच्या टार्टनचा तुकडा स्वतःच्या मोहोरेनिशी पाठवा. हे शिक्कामोर्तब झालेले तुकडे अभ्यासकांना फार उपयोगी आहेत. पण त्या वेळची उत्तरं अधिक बोलकी. लॉर्ड मॅकडोनल्ड यांनी कळवलं की मॅकडोनल्ड टार्टन नेमका कोणता हे खरोखरच मला माहीत नाही. तुम्हीच अस्सल नमुना मिळवा म्हणजे मी त्यावर मोहोर उठवीन. एवढ्या मोठ्या कुळाचा प्रमुख हे लिहितो, याचा अर्थ उघड आहे. एक कूळ, एक टार्टन ही पद्धत तोवर रुळलेली नव्हती.

पायरी ६: पलटणींचं दप्तर स्वतंत्र तपासा

सेट गडद निळा, काळा आणि हिरवा असेल, आणि त्यावर एखाददुसरी बारीक रेघ असेल, तर कुळाच्या इतिहासाआधी लष्कराचा इतिहास उघडा. हायलँडमध्ये गस्त घालण्यासाठी १७२५ पासून उभ्या केलेल्या तुकड्यांची १७३९ मध्ये पलटण झाली. तीच ब्लॅक वॉच. तिचा निळा-काळा-हिरवा सेट ‘गव्हर्नमेंट टार्टन’ म्हणून ओळखला जातो आणि पुढच्या कितीतरी टार्टनांचं ते मूळ आहे. कॅम्पबेल, सदरलँड आणि हंटिंग ग्रँट या नावांखाली आज जे विकलं जातं ते बरंचसं हेच, छटांच्या फरकाने.

गॉर्डनचं उदाहरण एकदा बारकाईने पाहावं असं आहे, कारण इतका स्वच्छ कागदी पुरावा क्वचित मिळतो. १७९३ मध्ये ड्यूक ऑफ गॉर्डन पलटण उभारत होते. हंटली गावच्या विल्यम फोर्साइथ या व्यापाऱ्याला त्यांनी सांगितलं की ४२ व्या पलटणीचा, म्हणजे ब्लॅक वॉचचा, सेट घे आणि त्यात पिवळी रेघ घाल. फोर्साइथने तीन नमुने केले: एका पिवळ्या रेघेचा, दोन रेघांचा आणि तीन रेघांचा. एका रेघेचा पसंत पडला. त्या एप्रिलमधलं त्याचं पत्र उपलब्ध आहे. वहीत काय लिहाल? चौकड्याचं मूळ: गव्हर्नमेंट टार्टन. पिवळी रेघ: १७९३. पलटणीचा सेट म्हणून वापर: तेव्हापासून. कुळाचा टार्टन: त्याच्यानंतर, पलटणीवरून. एकाच कापडाची चार वेगवेगळी उत्तरं, आणि चारही बरोबर.

मॅकेंझी टार्टनही याच घरचा: गव्हर्नमेंट सेटवर पांढरी आणि लाल रेघ. सीफोर्थच्या मॅकेंझींनी १७७८ मध्ये एक पलटण उभारली आणि १७९३ मध्ये दुसरी. ही दुसरी म्हणजे ७८ वी हायलँडर्स. मराठी वाचकाने ती ओळखावी असं कारण आहे. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची जी लढाई झाली, तिच्यात ७४ व्या पलटणीबरोबर हीच ७८ वी लढत होती. मॅकेंझी चौकड्याचा माग काढताना पलटणीची हजेरी-पुस्तकं, नेमणुका आणि लढायांच्या नोंदी वाचाव्या लागतात, आणि वाचता वाचता आपण खेळणा नदीच्या काठी येऊन पोचतो.

पायरी ७: १७४६ च्या पलीकडे जाताना पाय जपून टाका

कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ ला झाली, गादी परत मिळवण्यासाठी स्ट्युअर्टांच्या बाजूने उठलेलं बंड मोडलं आणि हायलँडचा पोशाख कायद्याने बंद झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार रवानगी. १७८२ मध्ये कायदा उठला. या बंदीमुळे कुळांचे प्राचीन टार्टन विस्मृतीत गेले आणि नंतर ते ‘पुन्हा शोधले’, असं सर्रास सांगितलं जातं. कायद्याची कलमं वाचा. बंदी होती स्कॉटलंडमधल्या पुरुषांवर आणि मुलग्यांवर, हायलँडच्या पोशाखावर आणि टार्टनच्या कोटांवर. सैनिकांना मोकळीक होती, स्त्रियांचं नावच नाही. कापड विणणं थांबलं नव्हतं. विल्सन यांची पेढी तर याच काळात उभी राहिली.

त्याआधीचे साक्षीदार वेगळंच सांगतात. कलोडनवर डेव्हिड मॉरिएने काढलेल्या प्रसिद्ध चित्रात हायलँडर्सच्या अंगावर तऱ्हेतऱ्हेचे सेट आहेत. एकाच माणसाच्या कोटाचा एक, पायमोज्यांचा दुसरा. बाजू ओळखायची खूण टोपीवरचा पांढरा फीतफुलोरा होती, टार्टन नव्हता. मार्टिन मार्टिनने पश्चिमेच्या बेटांचं वर्णन १७०३ मध्ये छापलं. त्यात तो म्हणतो की बेटागणिक चौकडे बदलतात आणि माणूस कुठला ते कपड्यावरून कळतं. म्हणजे ओळख गावाची, तिथल्या विणकराची आणि मिळणाऱ्या रंगांची. कुळाचं नाव तो घेत नाही. जुनी तैलचित्रं वापरताना मात्र भान ठेवा. चित्रकार धागे मोजत नसत, आणि कधी कधी कपडे चित्रशाळेतलेच असत. चित्रावरून रंगांचा क्रम घ्या, प्रमाण घेऊ नका.

प्रत्यक्ष कापडाचा पुरावा सगळ्यात थोडा, पण सगळ्यात सुंदर. फॉलकर्कला रोमन नाण्यांनी भरलेल्या मडक्याच्या तोंडाशी बोळा म्हणून कोंबलेला लोकरी तुकडा सापडला. तो तिसऱ्या शतकातला, रंगवलेला नाही, नुसत्या फिकट आणि गडद लोकरीचा चौकडा. तो आज एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ग्लेन ॲफ्रिकच्या पीट दलदलीत मिळालेला तुकडा त्याहून आपल्या विषयाच्या जवळचा. स्कॉटिश टार्टन्स ऑथॉरिटीने त्याच्या रंगांची आणि कार्बनची तपासणी करवून घेतली. कृत्रिम रंग नाही, हिरव्यात निळीचा किंवा वोड या युरोपी वनस्पतीचा अंश, आणि काळ साधारण १५०० ते १६००. २०२३ मध्ये तो व्ही अँड ए डंडी या संग्रहालयात मांडला गेला. खरा रंगीत टार्टन म्हणून हा स्कॉटलंडमधला सगळ्यात जुना ज्ञात तुकडा.

तो भाग तेव्हा चिझम कुळाच्या ताब्यातला. मोह होतो की याला चिझम टार्टन म्हणावं. अभ्यासकांनी तो मोह आवरला, आणि नव्या माणसाने यातून शिकण्यासारखं बरंच आहे. दलदलीत पडलेल्या कापडावर जागेचं नाव आहे, घालणाऱ्याचं नाही. म्हणून त्याला ‘ग्लेन ॲफ्रिक’च म्हणतात.

पायरी ८: निष्कर्ष कसा लिहायचा

शोध कितीही छान झाला तरी तो एका ओळीत ‘हा आमच्या कुळाचा तीनशे वर्षांचा टार्टन’ असा लिहिला की वाया जातो. पाच गोष्टी वेगळ्या लिहा: सेटची मोजणी आणि ती कुठून घेतली, सेटचा सगळ्यात जुना पुरावा, आजच्या नावाचा सगळ्यात जुना पुरावा, मधली इतर नावं, आणि कुळाने किंवा पलटणीने तो कधी मान्य केला. पुराव्याचा दर्जाही नोंदवा. साल माहीत असलेलं कापड सगळ्यात वर, त्याखाली विणकराची वही आणि पलटणीची पत्रं, मग मोहोर लावलेले तुकडे, मग छापील ग्रंथ, आणि दुकानाचं लेबल सगळ्यात खाली. चित्रांची जागा प्रत्येक चित्रागणिक ठरवावी लागते. दोन पुरावे एकाच जुन्या ग्रंथावरून उतरवलेले असतील तर ते दोन नव्हेत, एकच. इंटरनेटवर हे इतकं होतं की दहा ठिकाणी सारखं वाक्य दिसलं तर मूळ एकच असणार असं धरून चला.

पायरी ९: जुना तुकडा हाती आला तर

धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका. टिश्यू कागदात सपाट ठेवा. कोणाकडून आला, कुठल्या पेटीत होता, सोबत कोणतं पत्र किंवा बटण होतं, ते लगेच लिहून ठेवा. एकदा तुकडा पेटीतून सुटा झाला की अर्धी माहिती जाते. भिंगाने पाहा की धागा एकेरी आहे की पिळून दुपदरी केलेला. काठाची वीण आणि पूर्ण पन्हा मोजा. जुन्या मागावर पन्हा अरुंद असे आणि मोठ्या प्लेडसाठी, म्हणजे अंगावर घ्यायच्या घोंगडीसारख्या वस्त्रासाठी, दोन पट्टे मधोमध शिवून जोडत. ही शिवण दिसली तर तिला उसवू नका. रंगांवरून घाईने साल ठरवू नका. कृत्रिम रंग १८५६ नंतरचे हे खरं, पण वनस्पतिज रंग त्यानंतरही वापरात होते. म्हणून कृत्रिम रंग सापडला तर कापड अलीकडचं ठरतं; नाही सापडला तर मात्र काहीच ठरत नाही. रंगांची रासायनिक तपासणी संग्रहालयांच्या प्रयोगशाळेतच होते.

मग संग्रहालयाला किंवा टार्टन्स ऑथॉरिटीला लिहा. पत्रात ‘हा कोणत्या कुळाचा?’ असं विचारू नका. पट्टीसह फोटो, तुमची मोजणी, काठाचं वर्णन आणि पेटीची हकिगत पाठवा, आणि एवढंच विचारा: हा सेट तुमच्याकडच्या कोणत्या नमुन्याशी प्रमाणात जुळतो, आणि त्या नमुन्याचं साल काय.